गाडीखालचा पत्रा

आई,

परवा एक माणूस तुझी गाडी बघायला आला होता. जुन्या गाड्या नव्या करून विकणारा. बदलापूरच्या माझ्या घरापुढे ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी त्याला रस्त्यावरून दिसली म्हणे. आत शिरून त्याने पलंग हलवून पाहिला, कोपऱ्यातली बोटभर मोरी पाहिली, तू शिवलेले पडदे चिमटीत धरून पाहिले आणि विचारलं, हिला उभी करायला तेव्हा खरा खर्च किती आला होता? मी त्याला चहा दिला, उत्तर दिलं नाही. तो गेल्यावर दिवसभर मनातल्या मनात तुझ्याशी बोलत राहिले, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले आहे.

तुला आठवत असेलच, गाडी आणली बाबांनी. त्यांच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला परदेशी इंजिनियर मायदेशी जाताना ती मागे सोडून गेला आणि पुढे ती भंगारात निघाली. ओटा, कपाट, झोपायची सोय, सगळं गाडीतच. बाबांनी महिनाभर तिचं कौतुक केलं, मग अंबरनाथच्या क्वार्टर्समागे ती गंजत पडली आणि तिच्यात रद्दी साठली. तुझं लक्ष मात्र तिच्यातल्या पलंगावर होतं. तिकडे चामटोलीला अप्पा, तुझे वडील, अर्ध्या अंगाने लुळे होऊन खाटेवर पडले होते. त्यांना बसवलं की चक्कर येई. उमेदीची सगळी वर्षं खाडीकाठच्या मिठागरावर राबलेला तो माणूस, त्याला एकदा मिठागर बघायचं होतं. रुग्णवाहिका सांगू या, असं बाबा म्हणाले, तेव्हा अप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. "त्या पांढऱ्या गारीतशी मना नको नेव. तिच्यातशी गेलेला मानूस घरा येत नाय."

बस, त्या दिवसापासून तू हट्टाला पेटलीस. अप्पांना झोपल्या झोपल्या खिडकीतून बाहेर बघता येईल अशी आपल्या माहितीत एकच गाडी होती.

उल्हासनगरच्या कॅम्पातले ते म्हातारे सिंधी गॅरेजवाले, ज्यांना सगळे साईं म्हणायचे, त्यांच्याकडे आपण ती ओढून नेली. मी आठवी-नववीत असेन. साईंनी गाडीखाली सरपटत जाऊन बाहेर येत सांगितलं, इंजिन बोलेल, पण खालचा पत्रा सडलाय, तो सगळा काढावा लागेल, आणि पावसाळी हवेत ते काम करायचं नाही. पण तू अप्पांना दसऱ्याचा शब्द देऊन बसली होतीस. दसऱ्याला वाहनाची पूजा व्हायची आणि हार घातलेल्या गाडीतून त्यांना न्यायचं, हे तुझ्या मनाने घेतलं होतं. भाद्रपदाच्या दमट हवेत, साईं नको नको म्हणत असताना, तू गंजावर लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, भरायला लावलीस आणि वरून क्रीम रंग मारून घेतलास. गाडी अशी झकास दिसत होती की बाबांनीसुद्धा थट्टा बंद केली.

दसऱ्याची सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. चाकाखाली लिंबू, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे झेंडूचा जाड हार. आपण अप्पांना आणायला निघालोय, साईं गाडी चालवतायत, तू त्यांच्या शेजारी, मी मागे अप्पांसाठी घातलेल्या गादीवर ऐटीत बसलेली. शिवमंदिराच्या पुढे एका खड्ड्यात गाडी आदळते आणि पलंगाचा पाय खाली जातो. मी घसरून दाराशी येते. फाटलेल्या पत्र्यातून मला खालचा रस्ता दिसतो.

तू मागे आलीस, मला लागलं नाही ना ते पाहिलंस आणि अंगठ्याने बाजूचा पत्रा दाबलास. रंगासकट तो पापडासारखा मोडला. साईं खाली मान घालून उभे होते. तू त्यांच्यावर चिडशील असं मला वाटलं होतं, पण तू हार काढलास, घडी करून पदरात घेतलास आणि म्हणालीस, "चूक माझी आहे साईं. अप्पा असते इथे, तर? आता सगळं उघडा. मुहूर्त गेला चुलीत."

मग वर्षभर तू रंग खरवडत होतीस. घरची शिलाई आटोपून दुपारी गॅरेजात जायचीस आणि साईंच्या माणसांबरोबर पॉलिश पेपर घासायचीस. गंज रोखायच्या रेड ऑक्साइडने तुझे हात असे तांबडे झाले की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी विचारलं, मेंदी कोणाच्या लग्नाची? तू हसून वाण घेतलंस. त्याच वर्षी मैदानात फेऱ्या मारत गाडी चालवायलाही शिकलीस. मला तुझा राग येई, कारण तू घरी असूनही घरात नसायचीस. आणि त्याच उन्हाळ्यात काचबिंदूने अप्पांची नजर नेली. डॉक्टर म्हणाले, गेलेली दृष्टी परत येत नाही. मला वाटलं, आता तू थांबशील. तू दुसऱ्या दिवशी पुन्हा गॅरेजात होतीस.

त्या उन्हाळ्यानंतरच्या फाल्गुनात, मीठ पिकायला लागल्यावर, तू स्वतः गाडी चालवत अप्पांना नेलंस. मिठागराच्या बांधावर गाडी उभी केलीस, त्यांच्या उशाची खिडकी पूर्ण उघडलीस आणि कामगारांकडून मूठभर मीठ मागून आणून त्यांच्या चांगल्या हातात ठेवलंस. त्यांनी ते बोटांनी चोळलं, जिभेला लावलं.

"बारीक हाय गो आजून," ते म्हणाले. "आजून दोन रोज पिकू देवाचा व्हता."

तू त्यांच्या पायांशी बसून हसत होतीस आणि रडतही होतीस. परतताना मी पुढे तुझ्याजवळ बसले होते. रस्त्यावरून नजर न काढता तू म्हणालीस, "माझ्या घाईचा रंग खरवडण्यात वर्ष गेलं, त्यात त्यांचं बघणं हुकलं. पण आज ते पलंगावरून पडले नाहीत." आपण दोघींनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. दिवाळीच्या आधी अप्पा गेले.

त्या माणसाने विचारलेला खर्च हा होता, आई. एक वर्ष, आणि त्या वर्षातली अप्पांची नजर. हे मी त्याला काय सांगणार? तो पुन्हा येणार आहे, पण गाडी विकायची नाही, हे माझं ठरलं आहे. परवा तो गेल्यावर मी गाडीखाली आडवी झाले आणि अंगठ्याने पत्रा दाबून पाहिला. तुझा पत्रा पक्का आहे, फक्त मागच्या दाराजवळ हातभर जागा मऊ लागते. पाऊस संपून हवा कोरडी झाली की तेवढा भाग उघडणार आहे. पॉलिश पेपर आणून ठेवलाय. दसऱ्याची घाई करणार नाही.

हे पत्र पलंगाखालच्या कप्प्यात राहील. एक मात्र तुला सांगून टाकते. गाडी तयार झाल्यावर त्या पलंगावर झोपवून कुठे न्यावं असं, तू गेल्यावर, माझं आता कोणी उरलेलं नाही. तरी मी ती तयार करते आहे.