लाभ, दोन, तीन

प्रिय ऋतू,

"आता मला एकच लेक," अण्णा म्हणाले होते. तू आणि संघपाल रजिस्टर लग्न करून थेट वैरागच्या घरी आलात, त्या दिवशी. नऊ वर्षं मी ते वाक्य हुकमासारखं पाळलं. तुझा नंबर होता, फोन केला नाही. तुझ्या होटगीवरून कितीदा गेले, उतरले नाही.

जूनमध्ये माझी बदली होटगीच्याच शाळेत झाली. ऐकल्याबरोबर अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. "तितं कशाला? रद्द करून घे की." वाटलं, तुझं नाव नको म्हणून. पण मग एकेक गोष्ट खुपायला लागली. अण्णा हल्ली आमच्याकडेच असतात, सात रस्त्याजवळ. दर रविवारी आंघोळ करून निघतात, म्हणे सिद्धेश्वराला. देवळातून आलेला माणूस कोरड्या कपाळानं, दुपारी चारला येतो का? ताट वाढलं की म्हणतात, "भूक न्हाय." एकदा मी गच्चीवर उभी राहून बघितलं. कोपऱ्यावरून ते देवळाकडे नाही, एसटी स्टँडकडे वळले. स्वतःच्या बापावर पाळत ठेवायची लाज वाटली, पण पुढच्या रविवारीही उभी राहिलेच.

तुझी धम्मप्रिया माझ्या पहिलीच्या वर्गात आहे, हे तुला ठाऊक असणारच. मी कोण ते तुम्ही तिला सांगितलं नाही, मीही नाही. पहिल्या आठवड्यात चिंचोके मोजायला दिले, तर तिनं सुरू केलं, "लाभ, दोन, तीन..." पोरं खिदळली, "बाई, हिला एक येत न्हाई!" धान्य मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायचं, हे अण्णा वैरागच्या बाजारात जन्मभर करत आले. तूच शिकवलं असशील, असं मी धरून चालले. तिची चूक दुरुस्त करायला हवी होती. केली नाही.

गेल्या मंगळवारी शून्य घेतलं. आम्ही मुलांना एकपासून मोजू देतो आणि शून्य मागाहून आणतो. थाळीत पाच चिंचोके ठेवले, एकेक उचलत गेले. "आता किती?" "काईच न्हाई!" सगळे ओरडले. तुझी लेक उठली, थाळीवर पंजा ठेवून म्हणाली, "असं म्हनायचं न्हाई. भरायचं हाय म्हनायचं." मापाला रिकामं न म्हणणारा माणूस मी एकच पाहिलाय. तरी विचारलं, हे कुणी सांगितलं गं? तिनं जीभ चावली. "सांगायचं न्हाई."

"कुणाला?"

"ताईमावशीला."

ऋतू, माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली ती.

घरी येईपर्यंत मी संतापले होते. मी नऊ वर्षं शब्द पाळायचा आणि ज्यांचा शब्द त्यांनी तुझ्याकडे जेवून यायचं! भांडायलाच अण्णांच्या खोलीपर्यंत गेले आणि उंबऱ्यातच थांबले. तुम्ही लग्न करून आलात त्या दिवशी अण्णा तेवढं एक वाक्य बोलून परसात निघून गेले होते. दार लाव, असं कुणी म्हणालं नव्हतं. कडी मी घातली. बाहेरून तू दोनदा "ताई" म्हणालीस, ते मी ऐकलं. अण्णांना भिऊन नाही घातली. माझ्या सासरी संघपालचं आडनाव कळेल, याला भ्याले. अण्णांचा राग कधीच निवळला असणार. पोरीला गप्प राहायला शिकवावं लागलं, ते माझ्यामुळे.

हे पत्र अण्णांच्या पिशवीत वरच ठेवते आहे, त्यांना दिसेल असं. उद्या रविवार, ते तुझ्या हाती देतील. लिहिलं ते एवढ्यासाठी, की पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर मला तुझ्याकडे जेवायला यायचं आहे. सासरी सांगून येईन, कुणाकडे जाते तेही सांगेन. तू नको म्हणशील. तुझ्या जागी मीही नकोच म्हटलं असतं. तरी विचारते, येऊ?

तुझीच,
ताई