चुंबकाशिवाय वळलेला प्रकाश

अण्णा, गंगाखेडच्या तुमच्या दुकानात तुमच्यामागे आता मोबाइलची कव्हरं विकतात. काल तिथून जाताना थांबले, पण आत गेले नाही.

तिथली माझ्या लहानपणीची एक दुपार आठवते. गिऱ्हाइकाचा रंगीत टीव्ही दुरुस्त होऊन चालू आहे, तुम्ही चहाला गेला आहात, आणि मी जुन्या स्पीकरचं चुंबक काचेला लावते. चित्र वाकडं होतं, कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग पडतो. चुंबक काढलं तरी डाग जात नाही. तुम्ही दारातूनच ओरडलात, "आगं, काय करायलीस! लोकाचा टीव्ही हाय तो!" मी रडायला लागले. तुम्ही वीज सोडलेलं तारेचं मोठं कडं काचेसमोर गोल फिरवत डाग घालवलात, मग मला जवळ बसवून सांगितलंत, काचेमागच्या या नळीत इलेक्ट्रॉन धावतात, चुंबक त्यांना वाट सोडायला लावतं. मी लगेच बॅटरीचा झोत चुंबकाजवळून सोडला. तो सरळच गेला. "उजेडाला चुंबकाचं काय बी देणंघेणं न्हाई," तुम्ही हसत म्हणालात. त्या 'न्हाई'पाशी माझं अर्धं आयुष्य गेलं.

यंदा उजेड वळवणं जमलं, अण्णा. सिलिकॉनच्या अगदी पातळ पापुद्र्यावर आम्ही बारीक भोकांची जाळी कोरली आणि ती जाळी मुद्दाम थोडी थोडी ताणत नेली. कितीतरी जाळ्या वाया गेल्या. शेवटी एकीत प्रकाश शिरला आणि चुंबकाच्या तावडीतल्या इलेक्ट्रॉनसारखा वागू लागला. तशा इलेक्ट्रॉनची बसते तशीच त्याची ऊर्जा ठरावीक पायऱ्यांवरच बसलेली पडद्यावर दिसली. जवळपास चुंबक नव्हतंच, सगळी करामत त्या ताणलेल्या जाळीची. प्रयोगशाळेतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी स्टूल ओढून बसले. आनंद येईल म्हणून वाट पाहिली, आली ती झोप.

आज आई भाकरी थापता थापता विचारते, "वळला न्हवं तुझा उजेड? मग आता सरलं का काम?"

"सरलं कुठं? आता तर सुरू झालं."

तिने तव्यावरची भाकरी उलटली, माझ्याकडे नीट पाहिलं. "लय वाळलीस गं. सोमवारीच निघायचंय का?"

मी "हो" म्हणाले.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून आईला न सांगितलेलं लिहून टाकते. सोमवारचं तिकीट मी परवाच रद्द केलंय.