नकाशात नसलेलं तळं

मंगळवार, संध्याकाळ

मोहोळजवळच्या आमच्या गावचं तळं आज मुरूम टाकून बुजवायला घेतलं. आबांचा फोन आला. "पाणथळ जागांचा नकाशा तूच केलास न्हवं? मग आपलं तळं असंलच की त्यात. नकाशातलं तळं बुजवता येत न्हाई."

नकाशात ते नाही. ढग नकोत म्हणून मी उपग्रहाचं मे महिन्यातलं चित्र घेतलं. मे महिन्यातलं! तेव्हा तळं कोरडं असतं, हे मला माहीत नव्हतं? दर उन्हाळ्यात त्याच भेगाळलेल्या चिखलात खेळले ना मी? तरी संगणकाने पडीक जमीन दाखवली आणि मी सही केली.

"हाय न्हवं त्यात?" आबांनी पुन्हा विचारलं.

"व्हय," म्हणाले मी.

"मग अडवतोच ट्रॅक्टर," आबा म्हणाले, आणि माझ्या नकाशाच्या भरवशावर एकटेच निघाले.