सुपडू पिऊन पडला नव्हता

डिंडोली, सुरत

तीर्थरूप दत्तूमामांना सुपडूचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. आम्ही इकडे खुशाल आहोत, आणि मी पिऊ लागलो ही नंदुरबारपर्यंत पोचलेली बातमी खोटी आहे.

झालं असं. माझ्या छापखान्यात लग्नपत्रिका छापून झाल्या की छपाईच्या जाळीचे स्क्रीन थिनरने पुसून शाई काढायचं काम कलाबाईंकडे असतं (मागच्या खोलीत, खिडकी बंद करून, वाऱ्याने ओल्या पत्रिका उडतात, ही तुमचीच शिकवण). मंगळवारी त्या साखरपुड्याला गेल्या म्हणून मी बसलो. तासाभरात बारा स्क्रीन पुसले आणि मन फार प्रसन्न झालं. बाहेर वरपिता उभे होते. तुमच्या मुलाचं नाव फार लांब आहे, जरा कापून घ्या, असा सल्ला मी त्यांना दिला म्हणे. मग रस्त्यावर एका रिकाम्या रिक्षाला वाकून नमस्कार केला आणि तिथेच आडवा झालो. जयश्रीने माझा शर्ट हुंगला आणि माहेरी फोन लावला. (गल्लीला चिंता वेगळीच, दारूबंदीत याला मिळाली कुठे.) डॉक्टरांनी मात्र कामाचं विचारलं आणि म्हणाले, "दारू नाही, थिनरची वाफ आहे."

दुसऱ्या दिवशी हे मी कलाबाईंना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"माले ते रोज असंच व्हस, शेठ," एवढं म्हणून त्यांनी थिनरचा डबा उचलला.

सहा वर्षं त्या दुपारी भिंतीला टेकून बसायच्या आणि मी त्यांना उपवास कमी करायला सांगायचो. मामा, रस्त्यात पडलो तेव्हा वाटली नव्हती एवढी लाज हे ऐकून वाटली. डबा मी काढून घेतला. संध्याकाळपर्यंत खिडकी उघडली, हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला, डब्यांना झाकणं आणि कलाबाईंना हातमोजे आणले. पहिल्याच दिवशी चाळीस पत्रिका उडून शेजारच्या फाफडावाल्याकडे गेल्या (तो सहकुटुंब लग्नाला येणार आहे). पण परवा एका पत्रिकेवर लग्नाची तारीख एकतीस जून छापली होती, ती कलाबाईंनी पकडली. म्हणाल्या, "आते अक्षरं नीट दिसतस."

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
सुपडू

ता.क. तुमच्या छापखान्यातल्या शोभाबाई दुपारी डोकं धरून बसतात आणि आपण दोघे त्यांना आळशी म्हणत आलो. खरं तर पत्र एवढ्यासाठीच. मागच्या भिंतीला भोक पाडायची परवानगी द्या, पंखा मी आणतो.

पुन्हा ता.क. परवानगीची घाई नाही. रविवारी गवंडी घेऊन निघतोय. शोभाबाईंना फोन झालेला आहे.