खोपोलीची उल्का

आबा, तुम्ही दिलेला काळा दगड आता दोन तुकड्यांत आहे. फोडला मीच. कॉलेजही त्याच दिवशी सोडलं, आणि दोन वर्षं दोष तुम्हाला देत राहिलो.

मला आठवतं ते असं: तुम्ही खोपोलीच्या लोखंडाच्या भट्टीवरून पाळी संपवून येता, चुलीपाशी बसता, डब्याच्या पिशवीतून दगड काढून माझ्या हातात ठेवता. मी सात वर्षांचा. "आभाळातला हाय. जप." पुढे दोन वर्षांत तुम्ही गेलात. मी दगड जपला. कर्जतच्या कॉलेजात सरांनी उल्का शिकवायला घेतल्या तेव्हा तो घेऊन गेलो. पहिल्या बाकावर कोंडाणे गावची एक मुलगी बसायची. तिने भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाली, "यात बुडबुडे हायत रं. उल्केत असे नसतात. हा भट्टीतला स्लॅग वाटतो, लोखंडाची मळी." मागून कोणीतरी ओरडलं, "उल्का पडली, खोपोलीत!" सगळा वर्ग खिदळला. मी दगड फरशीवर आपटला, सरांना नको ते बोललो आणि निघालो. स्टेशनपर्यंत तुम्हालाच शिव्या देत होतो. बापाने पोराला असं फसवावं?

आता पळसदरीच्या फार्महाउसांना टेंपोने पाण्याचे जार पोचवतो. गेल्या रविवारी त्याच मुलीने टेंपोला हात केला. रुमालात दोन्ही तुकडे. तेव्हाच उचलून ठेवले होते म्हणे.

"फेकून दे," मी म्हणालो.

"भडकू नको, आधी बघ."

तुटलेल्या बाजूला लोखंडाचे बारीक गोल मणी होते. ती सांगायला लागली. खऱ्या उल्केतही मोहरीएवढे गोल दाणे असतात, दगडाचे. ग्रह पुरते घडायच्या आधी धूळ वितळून थेंब झाले, त्यांचे हे दाणे. पण वितळले कशाने, यावर एकमत नाही. कोणी म्हणतं वायूतून धक्क्याची लाट गेली, कोणी म्हणतं दोन कोवळे ग्रहगोल आदळून शिंतोडे उडाले, कोणी वीज म्हणतं.

"म्हणजे तुमालाच ठाऊक नाय! आणि मला हसलात."

"मी हसले? तू बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. वळून न बघताच निघालो होतो. मग ती म्हणाली, एकटा थेंब असता तर झटकन थंड होऊन काच झाला असता. हे दाणे तासन्‌तास निवले, आतले स्फटिकच तसं सांगतात. तेव्हा आसपास पुष्कळ तापलेले थेंब असावेत, एकमेकांना ऊब देणारे, असं काहींना वाटतं. मी चिडायचं विसरलो.

घरी तुकडे आईपुढे ठेवले. म्हणालो, आबा खोटं बोलले. ती भाकरी थापता थापता हसायलाच लागली. "खोटं? ते घसा फोडून सांगत होते, भट्टीतला हाय रं. तू शाळेतनं तुटत्या ताऱ्याचं ऐकून आलेलास. जमिनीवर लोळलास, नाय, आभाळातलाच! जेवंना झालास, तवा म्हणाले, बरं बाबा, आभाळातला. जप."

आबा, किती हलकं वाटलं म्हणून सांगू! तुम्ही फसवलं नव्हतं. माझ्या हट्टापुढे हात टेकले होते, एवढंच.

एक तुकडा त्या मुलीला देऊन आलो, एक माझ्याकडे आहे. उद्या सरांची माफी मागायला जातोय. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून तिलाच द्यावं असं वाटलं होतं. देणार नाही. कारण खरं लिहायचं तर त्या दिवशी मी उल्का दाखवायला गेलोच नव्हतो. तिने एकदा माझ्याकडे बघावं म्हणून गेलो होतो. आणि तिने बघितलं दगडाकडे, तेही भिंगातून.