वर्षाराणीचं व्हय

५ फेब्रुवारी, बुधवार

आज क्लिनिकमध्ये हुपरीहून मायलेकी आल्या. आई खुर्चीत टेकायच्या आधीच, "बाई, येवढंच सांगा, ही येडी हाय का शानी?" म्हटलं, ललिताताई, आधी बसा तर!

मुलगी वर्षाराणी, वीस वर्षांची. घरात चांदीच्या पैंजणाचं काम, ही बसून घुंगरं लावते. नजरेला नजर देत नाही. मिक्सर लागला की कान झाकून कोपऱ्यात. फारच झालं की स्वतःचं मनगट चावते, वळ उठलेत. आजवर कुणी तपासलं नाही, नुसता दंडाला गंडा बांधलाय. डोकं फिरलं माझं.

हो-नाहीचे प्रश्न सुरू करायच्या आधी मी नेहमी एक-दोन वेडेवाकडे विचारून घेते. काही जण समोरच्याला बरं वाटावं म्हणून कशालाही हो म्हणतात. मग पुढची सगळी तपासणी पाण्यात.

"तुझं नाव मोना का गं?" (मोना म्हणजे आमची बाहेरच्या टेबलावरची.)

बघतच राहिली माझ्याकडं. मग — "न्हाय!"

"तू म्हैस हाईस?"

"न्हाय! न्हाय! वर्षाराणी!" आणि काय हसली! पोट धरधरून. मीपण हसले. मोना दारातून डोकावून गेली.

ऑटिझम आहे, त्यात शंका नाही. पण हिचं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. एकदम चोख! आईला तेच सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न तयारच — "म्हंजी लगीन करता येतंय की?" म्हटलं, ऑटिझमची माणसंही संसार करतात, पण विचारायचं तिला. "तिचं व्हय खरं असतंय, ताई. ती व्हय म्हणाली तर मी कोण आडवी येणार?"

जरा जास्तच रुबाबात बोलले. असो.

२० फेब्रुवारी

मनगट चावायच्या ऐवजी शब्द — हे आमचं पहिलं काम. नको असेल तर "नको". पुरे झालं तर "बास". चित्र दाखवायचं, शब्द आला की लगेच तळहातावर एक घुंगरू. चॉकलेटकडं ती ढुंकूनही बघत नाही! घुंगरू मात्र कानाशी नेऊन वाजवते, मग डबीत टाकते, परत तळहात पुढं.

ललिताताई शेजारी बसून सगळं बघतात. मी कधी थांबते, कधी देते, कधी देत नाही. घरी रोज सराव घेतात, एक दिवस चुकवत नाहीत. अशी आई मिळाली की निम्मं काम झालं!

जाताना म्हणाल्या, "ह्या रीतीनं कायबी शिकवता येतंय व्हय बाई?"

"काहीही!" मी म्हणाले.

५ मार्च

कुरुंदवाडचं स्थळ आलंय. धैर्यशील नाव. ऊस, जनावरं, स्लॅबचं घर. पहिलं लग्न मोडलेलं. का मोडलं? "तोंडाळ हुती म्हणं ती." संपलं, एवढीच चौकशी!

वर्षाराणीला विचारलं, कुरुंदवाडला राहायला जायचं? "न्हाय." धैर्यशीलशी लग्न करायचं? "न्हाय! नको! बास!" शिकवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तरी मनगट तोंडात गेलंच.

मी आईकडं बघितलं. "ऐकलंत?"

तर बाई उसळल्या. "तुमाला काय जातंय बोलाय? मला साखर, ह्यांचं हार्टचं. आमी डोळं मिटल्यावर हिला कोण बघणार? भावजय दारात तरी हुबी करंल का?"

मी पण चढले. "म्हणून कुणाच्याही गळ्यात बांधणार?" असं बोलायला नको होतं. त्या रडल्या. वर्षाराणी कान झाकून भिंतीकडं तोंड करून बसली.

त्यांची भीती खोटी नाही.

१९ मार्च

आल्याच नाहीत. फोन केला. "पावण्यांचं येणंजाणं चाललंय बाई, येळच गावंना." आवाज गोड, राग गेलेला दिसतो. बोलणं संपलं तरी त्यांनी फोन बंद केला नव्हता. मागून ऐकू आलं, "व्हय म्हण." मग बारीक आवाज, "व्हय." आणि डबीत घुंगरू पडल्याचं — खुळ्ळ.

चला, घरचा सराव सोडलेला नाही. बरं वाटलं.

२० मार्च

बरं कशाचं वाटलं मला? आम्ही तर "नको" शिकवत होतो.

२१ मार्च

सकाळपासून फोन लावतेय. कुणी उचलत नाही. मोना म्हणते, "मॅडम, जाऊ द्या की, त्यांच्या घरचं हाय." तिच्यावरच ओरडले.

३ एप्रिल

धैर्यशील आला होता! एकटाच. इस्त्रीचा शर्ट, बोलणं अदबीचं, सोबत पेढ्यांचा पुडा. मुलगी राजी आहे असं दोन ओळींत लिहून द्या म्हणाला. "उद्या कोण नाव ठेवाय नको."

म्हटलं, तुम्हाला हीच मुलगी का हवी आहे?

तो हसला. "गरीब हाय. उलट बोलत न्हाय. पहिलीनं लय उलट बोलून बघितलं, मॅडम." हळू आवाजात बोलला, जवळजवळ प्रेमानंच.

सांगितलं, लिहून देणार नाही, ती मला नाही म्हणालीय. तो उठला, पेढे टेबलावरच ठेवले. "तवा म्हणाली असंल. आता विचारा की. तुमीच सांगितलंय म्हणं, तिचं व्हय खरं असतंय."

पेढे मोनाला दिले. तिनंही खाल्ले नाहीत.

९ एप्रिल, बुधवार

आज अचानक दोघी दारात. वर्षाराणीला हिरवी साडी, कोपरापर्यंत बांगड्या, चापूनचोपून वेणी. हात पदराखाली.

"विचारा," ललिताताई म्हणाल्या.

लग्न करायचंय? "व्हय." धैर्यशीलशी? "व्हय." कुरुंदवाडला जायचं? "व्हय." न अडखळता. कान झाकले नाहीत, मनगट चावलं नाही. माझ्याच फाइलमध्ये याला मी प्रगती लिहिलं असतं.

खरंच मन बदललं असेल तर? तिनं लग्न करू नये हे सांगणारी मी कोण? हा विचार येईपर्यंत ललिताताईंनी तिला उठवलंसुद्धा, बस चुकंल म्हणून. त्यांचे डोळे भरून आले होते. माझे दोन्ही हात धरले. "लय अवघड गेलं बघा. पण शिकली. तुमच्याच रीतीनं, बाई."

त्या गेल्या आणि मी तिची फाइल उघडली. ते वेडेवाकडे प्रश्न विचारायचे राहिलेच की! आजच कसे राहिले? मला घाबरायला झालंय. उद्या सगळ्या अपॉइंटमेंट रद्द, हुपरीला जायचं.

१० एप्रिल

दारात मांडव. वर्षाराणी पाटावर, हळद लागलेली. ललिताताईंनी हसून जागा केली. मी वाकून तिच्या कानाशी विचारलं, "तुझं नाव मोना का गं?"

"व्हय."

"तू म्हैस हाईस?"

"व्हय." हसली नाही. घुंगरासाठी हळदीचा तळहात माझ्यापुढं केला.