भिंगावरचं कुंकू

नेरळमजल,
सोमवार, २ डिसेंबर

अण्णा,

पाया पडतो. तुम्ही, वहिनी आणि मुलं बंगळुरात सुखरूप असाल. इकडं सुपारीची पहिली तोडणी झाली, अंगणभर वाळत घातली आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. अक्का बरी आहे. जेवण सध्या पातळच घेते.

गेल्या आठवड्यात तुमचा फोन आला तेव्हा मी नुसता ‘हूं, हूं’ करत राहिलो. तुमच्यापुढं तोंडानं बोलणं मला लहानपणापासून जमलं नाही. म्हणून कागद घेतला आहे. मधेच टाकून देऊ नका.

आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवाला फूल वाहिलं आणि मी तुमचं मस्कतचं यंत्र पडवीत घेऊन बसलो. टाळ आणि मद्दळाच्या साथीनं बसून राजाचा अर्थ, म्हणजे त्याच्या तोंडचं बोलणं, सांगताना आपलं चित्र आणि आवाज राहावा म्हणून तुम्ही हौसेनं आणलेलं, डिस्क वाजवणारं आणि तिच्यावर उतरवूनही घेणारं. इतकी वर्षं ते अक्काच्या खोलीत कपाटावर होतं. त्या दीपोत्सवातल्या ताळमद्दळीची डिस्क त्यात घातली की ते जरा कुरकुरायचं आणि ‘डिस्क नाही’ अशी अक्षरं यायची. दुसऱ्या कुठल्या यंत्रात ती चालत नाही. उतरवून झाल्यावर अशी डिस्क यंत्रातच बंद करावी लागते, तरच ती बाहेर कुठं वाजते. त्या संध्याकाळी ती बंद करायला कुणाचं डोकं ठिकाणावर होतं?

‘देवीनंच पुसलं ते,’ असं तुम्ही म्हणाला होता. मी मान डोलावली होती. देवीचं नाव घेतलं की माझी मान आपोआप डोलते. पण यंदा पूजेच्या वेळी मी अक्काकडं बघत होतो. नांगर, कोयते, सुपारी सोलायची सुरी, माझी मोटारसायकल, सगळ्यांना गंध लावून ती यंत्रापाशी आली. तिनं बटण दाबून त्याची जीभ बाहेर काढली आणि चिमूटभर कुंकू नेमकं आत टाकलं. मग हात जोडले. मी विचारलं, ‘अक्का, आत कशाला?’ तिनं पाटीवर लिहिलं, ‘सगळ्यांना बाहेरून लावते आणि ज्याच्या पोटात अप्पा आहेत त्यालाही बाहेरूनच? दरवर्षी घालते.’

अक्का हल्ली पाटीवर लिहिते. त्याचं पुढं सांगतो.

तर त्या सकाळी मी स्क्रू काढले, पत्रा उचलला. आत एक वाटाण्याएवढं भिंग आहे, तेच डिस्क वाचतं. त्याच्यावर कुंकू आणि गंध मिळून खपली धरली होती, देवळातल्या दगडावर धरते तशी. मी वातीचा कापूस घेतला, अक्काच्या औषधाच्या डब्यातलं स्पिरिट घेतलं आणि पुसत बसलो. कापूस लाल होत गेला. अण्णा, ते पुसताना मला हसूही येत होतं आणि हात जोडावेसेही वाटत होते. देवीनं काही पुसलं नव्हतं. देवीचं कुंकू मधे आलं होतं, एवढंच. आणि ते घातलं होतं तिनं, जिचा आवाज आत होता.

यंत्राला डिस्क दिसली. आता चित्र बघायचं कुठं, हा प्रश्न. जुना टीव्ही केव्हाच गेला. मी देवळाच्या पावत्यांचा लॅपटॉप घरी आणला. हो, देवळाचाच. देवळाचे चिटणीस सुंदर रै यांना सांगून आणला. यंत्राच्या मागं तीन भोकं, पिवळं, पांढरं, तांबडं. लॅपटॉपला तसलं एकही नाही, एका अंगाला चपटं भोक आहे. मी पुत्तूरला हमीदाकांच्या दुकानात गेलो आणि एका टोकाला चपटी, दुसऱ्या टोकाला तीन रंगांची अशी वायर मागितली.

‘काय करणार गौडरे हिचं?’

‘यंत्रातलं लॅपटॉपात घेणार.’

हमीदाका इतके हसले की समोरचा चहावाला बघायला लागला. ‘अहो, त्या भोकातून लॅपटॉप बोलतो. ऐकत नाही. तुमच्या अण्णांसारखा आहे तो, नुसतं तोंड!’ मग त्यांनी खणातून आगपेटीएवढी एक डबी काढली. ‘हा घ्या त्याचा कान. ह्याच्यात तिन्ही रंग घाला आणि ही शेपटी लॅपटॉपच्या छोट्या भोकात. तो प्रोग्राम मी घालून देतो.’

रागावू नका. शाळेत तुम्ही त्यांच्या शेजारच्या वर्गात होता म्हणून ते असं बोलतात.

घरी येऊन जोडलं. अक्का माझ्या खांद्याशी येऊन बसली. लॅपटॉपवर आधी निळं आलं, मग एकदम देऊळ आलं. गोपुरातली चटई, मधे अप्पा टाळ घेऊन, शेजारी मद्दळ मांडीवर घेतलेला मी, काळ्या केसांचा. एका टोकाला तुम्ही. समोरच्या टोकाला जलजाक्षी अक्का, निळ्या साडीत.

तुम्हाला आठवत असेल ती तिथं का बसली. राणीचा अर्थ सांगणारे पाहुणे घाटात अडकले, लोक जमलेले, आणि अप्पा म्हणाले, ‘जलजाला सगळं पाठ आहे, बसव तिला.’ तुम्हीच हसत म्हणाला होता, ‘बसू दे की, दोन वाक्यं बोलेल आणि रडेल.’ हेही त्या डिस्कमध्ये आहे अण्णा. कॅमेरेवाल्यानं आधीच चालू केलं होतं.

चित्र चालू झालं, पण आवाज नाही. अक्काचे ओठ हलत होते, हात वर जात होता, तुमची मान ताठ होत होती, आणि लॅपटॉपमधून येत होता आमच्याच घरातला आवाज. पडवीतली कोंबडी, पंख्याची घरघर. यंत्राचा आवाज घ्यायचा सोडून लॅपटॉप आपल्याच कानानं खोली ऐकत होता. तेव्हा हे मला कळलं नाही. मी नुसता बघत राहिलो. चित्रातली अक्का ओठ हलवते आहे आणि आवाज नाही, आणि माझ्या खांद्याशी बसलेली अक्का, तिचेही ओठ तसेच हलत आहेत, शब्दाला शब्द, आणि आवाज नाही.

आता लिहितोच. अक्काचा घसा बसला आहे असं मी फोनवर सांगत आलो, ते खोटं. श्रावणात मंगळूरला तिचं ऑपरेशन झालं. गाठ होती. डॉक्टरांनी तिचं स्वरयंत्र काढलं. गळ्याला एक भोक ठेवलं आहे, त्यातून श्वास घेते. वर पदर धरते. स्पिरिट त्याच्यासाठी. ती पुन्हा बोलणार नाही. तुम्हाला कळवू देत नव्हती. लिहून दाखवलं होतं, ‘तो येईल, रडेल आणि मला त्याची समजूत घालता येणार नाही.’ आता मी तिचंही ऐकलेलं नाही.

आवाजाचं बटण शेवटी तिनंच शोधलं. मी चौकटी उघडतो आहे, मिटतो आहे, तिनं माझा हात बाजूला केला आणि यादीतल्या दुसऱ्या नावावर बोट ठेवलं. आणि घर भरलं. अण्णा, मी विसरलो होतो तिचा आवाज कसा होता. ऑपरेशनच्या आधीचं वर्षभर नुसती घरघर होती ना. ती भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटून स्वतःला ऐकत राहिली. मग पाटी ओढली. ‘बरी बोलायचे की रे मी!’

तेव्हाच ठरवलं. कार्तिक दीपोत्सवाच्या दुपारी गोपुरात हीच ताळमद्दळ व्हायला हवी. तिच्यादेखत.

सुंदर रै आधी ‘हो’ म्हणाले, मग त्यांनी तुम्हाला फोन केला, मग तुम्ही मला. तुमचे शब्द मी विसरलो नाही. ‘घरातलं घरात राहू दे. कलावंतांच्या ओळीत बायका बसणार नाहीत असं आपल्या ताळमद्दळ संघानं ठरवलं आहे. ते यंत्र कुमारधारेच्या पात्रात नेऊन टाक.’ संघानं कधी ठरवलं अण्णा? त्या संध्याकाळी घरी येऊन तुम्ही ताट सरकवलं आणि ठरवलं. अप्पा गप्प बसले म्हणून ते संघाचं झालं. त्यानंतर अक्का दर दीपोत्सवाला मागच्या पडवीत कलावंतांची कॉफी करत आली. आणि घरी गोठ्यात धारा काढताना गाईंपुढं राणीचा अर्थ सांगायची. तुम्ही मस्कतमध्ये होता, तुम्हाला ठाऊक नाही. मी दाराआड उभा राहून ऐकायचो. इतकी शिकलेली गुरं तालुक्यात दुसरी नसतील.

मी दोन दिवस देवीपुढं बसून विचार केला. थोरल्या भावाचं ऐकायचं, हे मी धर्म म्हणून पाळत आलो. पण आपल्या देवळाची स्थळकथा काय आहे? राजा महाल वाढवायला देवीचं तळं बुजवायला निघतो आणि राणी भरसभेत त्याला अडवते. ती आज्ञा मोडते म्हणून तळं आहे, तळं आहे म्हणून देवी आहे. आपण दरवर्षी तिची गोष्ट सांगतो, तिला ओवाळतो, आणि तिच्या बाजूनं बोलणारी घरची बाई चुलीपाशी बसवतो. हे मला देवीच्या डोळ्याला डोळा भिडवून पचवता येईना.

काल दुपारी मी चटई घातली. लॅपटॉप मधे ठेवला, अप्पा बसायचे तिथं. देवळाचे मोठे ध्वनिवर्धक जोडले, पांढरं धोतर ताणून प्रोजेक्टरनं त्याच्यावर चित्र. अक्काला हाताला धरून आणलं आणि राणीच्या जागी पाटावर बसवलं. ती तीच निळी साडी नेसली होती. समोरच्या टोकाला तुमचा पाट मोकळा ठेवला.

सुंदर रै घामाघूम झाले. ‘गौडरे, अण्णांना मी काय सांगू हो?’

‘सांगा, होन्नप्पानं ऐकलं नाही.’

‘आणि बाई ओळीत कशी बसली म्हणाले तर?’

मागून कुणीतरी म्हातारी ओरडली, ‘पाटावर! दिसत नाही का? बाजूला सरका, चित्र अडतंय.’

सुरू झालं. खरं सांगतो, तुमच्या पहिल्या बोलण्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्यासारखा राजा पुन्हा झाला नाही. ‘माझ्या राज्यात पाणीही माझ्या आज्ञेनं साठतं’ म्हणालात तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मग अक्काचा आवाज गोपुरात घुमला. खाली बसलेली अक्का पदर गळ्याशी धरून समोरच्या मोकळ्या पाटाकडं बघत होती.

‘महाराज, पाणी आज्ञेनं साठत असेल तर अश्रू कुणाच्या आज्ञेनं येतात?’

‘राणीनं अंतःपुरात विचारावं असे प्रश्न आहेत हे.’

‘अंतःपुरात विचारले. तिथं आपण झोपला होता.’

किती हसले लोक! तेव्हाही हसले होते. आणि मग ते तिचं शेवटचं. तेव्हा ती नवऱ्याचं घर सोडून आली होती, तुम्ही तिला ‘गप्प राहायचं असेल तर राहा’ म्हणाला होता, ते गावाला ठाऊक होतं.

‘महाराज, तळं बुजवा. पण आधी एवढं सांगा, ज्या घरात मला राहायला जागा दिलीत, त्या घरात माझा शब्द मी कुठं ठेवू?’

चित्रात तुम्ही तोंड उघडता. मिटता. पुन्हा उघडता. कुणी हसत नाही.

पुढं खरं काय झालं ते आपल्या तिघांनाच ठाऊक आहे. अर्थ सांगणारा अडला की पदं गाणाऱ्या भागवतानं पुढचं पद उचलून त्याला सोडवायचं, ही आपली रीत. अप्पांनी तुम्हाला सोडवलं. टाळ वाजला, पद सुरू झालं, राजा सभा सोडून गेला आणि लोकांना वाटलं गोष्ट पुढं सरकली. अप्पांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी तुम्हाला सोडवलं. तिला नाही.

डिस्कवर ते सगळं तसंच आहे. त्यातलं एक अक्षर मी काढलेलं नाही, काढणार नाही. पण घरी पुन्हा पुन्हा ऐकताना मला जागा सापडली होती. तुमचं तोंड दुसऱ्यांदा मिटतं आणि अप्पांचा हात वर जातो, त्याच्यामधे एक श्वास आहे.

काल भरल्या गोपुरात, देवीसमोर, मी त्या श्वासावर बोट ठेवलं आणि थांबवलं. अप्पांचा हात धोतरावर तसाच वर राहिला. टाळ पडला नाही. सगळे समोरच्या मोकळ्या पाटाकडं बघत राहिले, आणि मी पुढचं पद लागू दिलं नाही.

उत्तर द्यायचं राहिलेल्या राजाचा धाकटा भाऊ,
होन्नप्प